खुर्चीपाशी उभी असलेली मुलगी



कामगारांत वावरणाऱ्या माणसाने दातांच्या दवाखान्यावर का बोलावे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. माझे शिक्षण सातवीपुरते. वैद्यक मी शिकलेलो नाही. परंतु जिथे मजुरी आहे तिथे मजुराचा देह आहे, आणि त्या देहाला इजा कशी होते हे पाहण्यात माझी तीस वर्षे गेली.

गेल्या वर्षी मी दाढ काढून घ्यायला एका दवाखान्यात गेलो. डॉक्टर हुशार, हात हलका. भुलीची सुई देऊन त्यांनी ती तबकात ठेवली. मदतनीस मुलीने एका हातात टोपण धरले, दुसऱ्या हाताने सुई त्यात घालू लागली, आणि ती तिच्या बोटात रुतली. तिने बोट ओढणीला पुसले व पुन्हा कामाला लागली. डॉक्टर म्हणाले, "जरा जपून गं." निघताना मी तिला विचारले, "पोरी, काविळीची लस घेतलीस का?" ती म्हणाली, "कसली लस, काका?"

"जरा जपून" हे शब्द मी आपल्या जालन्याच्या रोलिंग मिलमध्येही ऐकत आलो आहे. लाल सळई अंगावर आली की दोष कामगाराच्या बेसावधपणाचा! पण "जपून" हा सल्ला झाला, व्यवस्था नव्हे. सल्ला फुकट देता येतो. व्यवस्थेला पैसे पडतात.

आता त्या सुईचा हिशेब पाहू. रोग्याला ब प्रकारची कावीळ असेल आणि टोचलेल्या माणसाने लस घेतली नसेल, तर शंभरांत 6 ते 30 जणांना ती लागू शकते. एड्सच्या विषाणूच्या बाबतीत हे प्रमाण हजारी तीनच्या आसपास आहे. काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस तग धरतो. उलट तिच्यावरची लस सहा महिन्यांत तीन टोचण्यांनी पुरी होते. सुई टोचलीच, तर बोट पिळू नये, चोखू नये. साबण-पाण्याने धुऊन तत्काळ सरकारी रुग्णालय गाठावे. एड्सविरोधी औषध 72 तासांच्या आत, आणि जितके लवकर तितके बरे.

सुईखेरीज आणखीही धोके आहेत. दाढ भरण्याच्या चांदीच्या मसाल्यात निम्मा पारा असतो आणि त्याची वाफ दिसत नाही. कवळ्या घासणाऱ्या कारागिराच्या छातीत धूळ जाते. क्ष-किरणांची फिल्म रोग्याच्या तोंडात मदतनिसाने बोटाने धरायची नसते.

कायदा काय म्हणतो? 1948 च्या दंतवैद्यक कायद्यात दंतवैद्य, दातांची स्वच्छता करणारे आणि कवळ्या करणारे यांची नावे आली. खुर्चीपाशी उभ्या असलेल्या या मुलीचे नाव आले नाही. परंतु 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी तिची दखल घेतली. वापरलेली सुई न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकावी, प्रत्येक सेवकाला काविळीची व धनुर्वाताची लस द्यावी, वर्षातून एकदा त्याची तपासणी करावी, अपघाताची नोंद ठेवावी, ही सारी जबाबदारी दवाखाना चालवणाऱ्याची आहे.

यातली नोंद मी सर्वांत महत्त्वाची मानतो. आरोग्यसेवेच्या कामातून जडलेला संसर्ग भरपाईच्या कायद्यात धंद्याचा रोग गणला आहे. पण सुई कोणत्या दिवशी टोचली हे वहीत नसेल, तर दोन वर्षांनी ती मुलगी काय दाखवणार? ओढणीवरचा डाग?

लहान डॉक्टरांच्या अडचणी मी जाणतो. कर्ज काढून त्यांनी दवाखाना थाटलेला असतो. पण त्या कर्जाच्या मानाने तीन टोचण्या, एक डबा आणि एक वही यांचा खर्च तो किती? आणि हेही ध्यानात घ्या, की त्यांचा स्वतःचा हात त्याच सुईजवळ असतो.

इटलीतील रामाझिनी या वैद्याने 1700 साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. वैद्याने रोग्याला त्याचा धंदाही विचारावा, असे त्याचे सांगणे होते. मी म्हणतो, आता रोग्यानेही विचारावे. आपण उद्या दाढ दाखवायला जाल, तेव्हा पैसे किती एवढेच विचारू नका. त्या मुलीला तिच्या डॉक्टरांच्या देखत विचारा, "पोरी, तुझी लस झाली का?" दहा गिऱ्हाइकांनी विचारले, तर अकराव्याला विचारावे लागणार नाही.

मी त्या दवाखान्यात पुन्हा गेलो होतो. पांढरा डबा आलेला आहे. वहीचे मात्र अजून सांगत आहेत.