खुंट्यावरचा दुसरा हात



आजचा विचार एकांताचा आणि सोबतीचा. त्यासाठी लांब जायला नको. आपल्या परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड, गोदामाईच्या काठचं. लोक त्याला दक्षिण काशी म्हणतात. शेगावच्या पालखीबरोबर तुम्ही चालला असाल तर परभणीहून गंगाखेडला आलाच असाल. ते जनाबाईंचं माहेर.

माहेर म्हणायचं, पण लाभलं किती? लहानपणीच जनी पंढरपुरात दामाशेटींच्या घरी आली. झाडलोट, शेणगोठा, धुणं, कांडण, दळण. स्वतःला ती नामयाची दासी म्हणवून घेते. आणि काळ कसला? 1296 साली आळंदीला ज्ञानोबांनी समाधी घेतली, आणि त्याच साली अल्लाउद्दीन खिलजी आपल्या देवगिरीवर चालून आला. नामदेवांचं घर मित्राच्या विरहात, आणि मुलूख धास्तीत.

अशा वेळी मन शांत करायला जावं कुठं? पुढं 1630 च्या दुष्काळानं तुकोबांचं घर मोडलं, ते भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसले. जनीला डोंगर कोण देणार? दासीला सुट्टी नसते, मायबाप! तिनं पहाटेचं जातं हाच डोंगर केला. गाव निजलेलं, दाराला कडी, जात्याची घरघर आणि मुखी नाम. एकांत मिळाला.

आता पुढची कथा तुमच्या तोंडपाठ आहे. त्या एकांतात पांडुरंग आला. गोपाळपूरला जनीचं जातं दाखवतात, त्याला हात लावून तुम्ही नमस्कार करता. पण एक गोष्ट मनात धरा. देव आला आणि त्यानं काय केलं? "रडू नको जने, सगळं ठीक होईल," असा उपदेश केला का? नाही. तो समोर बसला आणि खुंट्याला हात लावला. दळण तेवढंच होतं, पायलीचं काही चिपटं झालं नाही. पण जातं हलकं झालं. सखा म्हणतात तो हा!

आता आपल्या गावाकडं या. कधी पाऊस ओढ देतो, कधी काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात जातं. डोक्यावर कर्ज, घरात लग्नाची पोर. माणूस बोलेनासा होतो, पारावर यायचा बंद होतो. आपण म्हणतो, "असू द्या, त्याला एकांत पाहिजे." अहो, तो एकांत नव्हे, तो एकटेपणा! एकांतात समोर कुणीतरी बसलेलं असतं. एकटेपणात समोरची जागा रिकामी असते. त्या रिकाम्या जागेतच नको तो विचार येऊन बसतो.

म्हणून दोन गोष्टी करा. रोज पहाटे घटकाभर मोबाईल बाजूला ठेवून नाम घ्या, तुमचं जातं तुम्ही धरा. आणि गावात जो गप्प झालाय, त्याच्या ओसरीवर आजच जाऊन बसा. शहाणपण सांगू नका. त्याच्याबरोबर चहा घ्या, त्याच्या बैलाला पाणी पाजा, बँकेत जायचं असेल तर गाडीवर मागं बसवून न्या. तो रडला तर रडू द्या. उठू नका.

आणि गप्प झालेला तुम्हीच असाल, तर कडी काढा. दारात कोण उभं आहे ते बघा. जनीनं दार लावून घेतलं असेल, पण सख्याला आत घेतलं होतं.

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!