जपानी मिठाईचें वेष्टन

जपानांत मिठाई तोंडांत पडण्याआधीं तिचें वेष्टन बोलूं लागतें. तेथें वसंत ऋतूंत 'साकुरा-मोची' नांवाची मिठाई खातात. तांदुळाच्या गुलाबी आवरणांत 'अझुकी' या तांबड्या कडधान्याचें गोड पुरण भरतात आणि भोंवतीं मिठांत मुरविलेलें चेरीचें पान गुंडाळतात. पानामुळें मिठाई हातास चिकटत नाहीं, शिवाय तिला सुवास व किंचित् खारट चव येते. पांच मे रोजीं मुलांच्या सणास करतात त्या 'काशिवा-मोची'ला ओकच्या एका जातीचें पान लागतें. या वृक्षाचीं जुनीं पानें नवे कोंब फुटेपर्यंत सहसा गळत नाहींत. म्हणून कुळ अखंड नांदो, असा आशीर्वाद त्या पानांत आहे असें लोक मानतात. अक्षरावांचूनचें हें लेबलच होय.

पुढें कारखाने निघाले आणि कागद आला. अमेरिकेंत मिठाईचा धंदा शिकून आलेल्या मोरिनागा ताइचिरो यांनीं १८९९ मध्यें टोकियोंत व्यवसाय मांडला. १९०५ मध्यें त्यांनीं देवदूताचें चित्र आपलें व्यापारचिन्ह केलें. १९१४ मध्यें त्यांच्या कॅरमेलच्या वड्या खिशांत मावणाऱ्या कागदी पेटींतून विकल्या जाऊं लागल्या. वीस वड्यांस दहा सेन. ही पिवळी पेटी पुढें घरोघर ओळखीची झाली.

१९२२ मध्यें एझाकी रिइचि यांनीं 'ग्लिको' बाजारांत आणला. पिवळ्या पेटीशेजारीं उठून दिसावी म्हणून त्यांची पेटी तांबडी होती. तिच्यावर दोन्ही हात उंचावून शर्यत जिंकणारा धावपटू होता, आणि 'एका वडींत तीनशें मीटर' ही घोषणा. एझाकींचा मुलगा विषमज्वरानें आजारी असतां त्यांनीं त्यास कालवांच्या रसांतील ग्लायकोजेन दिलें होतें आणि मुलगा बरा झाला होता. त्या समजुतीचें शास्त्रीय मोल कांहींही असो, त्या धावपटूमागें एका बापाचा विश्वास उभा होता.

परंतु चित्र मन वेधतें. जीव राखतात तीं मागील बाजूचीं बारीक अक्षरें. ज्या मुलास भुईमूग किंवा अंडें बाधतें, त्याची आई धावपटूकडे पाहत नाहीं. ती पेटी उलटी करते. अशा बाधक पदार्थांचा उल्लेख जपानांत कायद्यानें सक्तीचा आहे. २०२३ मध्यें त्या यादींत अक्रोडाची भर पडली आणि पदार्थ आठ झाले.

वेष्टनाचें आणखी एक देणें उरतें. प्रवासाहून परतणारा मनुष्य सहकाऱ्यांस मिठाई वांटतो. प्रत्येकाच्या हातीं स्वच्छ व सारखा वांटा पडावा, दमट हवेनें बिस्किट मऊ होऊं नये, म्हणून प्रत्येक नग वेगळा गुंडाळतात. हेतु सौजन्याचा, पण त्यांतून प्लास्टिकचा ढीग सांचतो. १९९५ मध्यें वेष्टनांच्या पुनर्वापराचा कायदा झाला. २०१९ मध्यें नेस्लेच्या जपानी शाखेनें किटकॅटच्या मोठ्या पाकिटांची बाहेरची पिशवी कागदाची केली आणि तिच्यापासून क्रौंच पक्षी करावा असें सुचविलें. आंतील वेष्टनें मात्र तशींच राहिलीं.

चेरीचें पान मिठाईबरोबर खातां येतें. ओकचें पान टाकलें तर मातींत मिळतें. वेष्टन म्हणजे आंतील वस्तु न दिसणाऱ्या गिऱ्हाइकास दिलेलें वचन होय. पेटी उघडल्यावर तें खरें ठरलें पाहिजे, आणि पेटी टाकल्यावरही.