माळ नसलेला पाहुणा



आम्ही चौथी शिकलेली माणसं. पाहिलं तेवढंच सांगतो. नामदेवरायांची 61 पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, म्हणून एका वर्षी आम्ही पंजाबात घुमानला गेलो. तिथं लंगरात बसलो. डोकं झाका, पंगतीला बसा, एवढंच सांगितलं. नाव, गाव, जात कुणी इचारली नाही. शेजारी ट्रकचा डायवर, पलीकडं मोटारवाला. रोटी सगळ्यांना सारखीच.

मनात म्हटलं, आपल्याकडंही हेच आहे की! आषाढी वारीला दिंडी आली की गावं पिठलं-भाकरी घेऊन वाटेवर उभी राहतात. पण घास तोंडातच राहिला. त्याच्या आदल्या दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी आली होती. एक बाई लेकरासाठी पाणी मागत आमच्या दारात आली. आम्ही लांबूनच जनावरांचा हौद दाखवला. तिच्या गळ्यात माळ नव्हती, एवढाच फरक.

माया दोन्हीकडं आहे, माउली. पण लंगर बारा महिने चालतो, आपली पंगत वारीपुरती. आपण माळ बघून वाढतो, ते भूक बघून.

आता कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आमच्या ओसरीवर माठ भरलेला असतो. तांब्या घरातलाच. ती बाई काही परत आली नाही.

दिंडीला शंभर वर्षं झाली. पुढं दर घरानं एवढं करावं, हीच हात जोडून इनंती.

रामकृष्ण हरी!