गुंगी की पूर्ण भूल?

(परदेशातील मराठी मंडळात दिलेल्या व्याख्यानाचा काही भाग)

खोपोली-कर्जतकडे घरातल्या एखाद्या बाळाच्या हृदयाला भोक निघालं की तुम्हाला फोन येतो आणि इथून सल्ला जातो. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयावर विनामूल्य उपचार होतात, हे घरच्यांना आधी सांगा.

मला खटकते ती तुमच्याकडून ऐकू येणारी एक तुलना. "आमच्याकडे पूर्ण भूल देतात, तिकडे नुसती गुंगी. पैसे वाचवतात का हो?" अहो, या तपासणीत जांघेतल्या शिरेतून नळी हृदयात नेऊन दाब मोजायचे असतात. मूल स्वतःच्या श्वासावर, साध्या हवेत शांत झोपलं असेल तर आकडे त्याच्या रोजच्या स्थितीच्या जवळचे येतात. फुप्फुसांतला दाब आधीच वाढलेला असेल तर मात्र गुंगीत श्वास मंदावतो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि दाब आणखी चढतो. तिथे पूर्ण भूल देऊन श्वास आपल्या ताब्यात असलेला बरा. भोकावर बटण बसवताना अन्ननलिकेतून सोनोग्राफी करायची असेल, तरी लहान मुलाला सहसा पूर्ण भूलच देतात. निळं पडणाऱ्या बाळाची गोष्ट आणखी वेगळी. प्रोपोफॉलने अंगातल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि अशुद्ध रक्त जास्तच शरीरात जातं. केटामाइन अंगातल्या रक्तवाहिन्यांचा दाब टिकवतं, म्हणून इतकं जुनं औषध आम्ही अजून हाताशी ठेवतो. हे सगळं बाळाच्या हृदयावरून ठरतं; देशाचा त्यात संबंध नाही.

(मेंदूवर परिणाम होतो का, असा प्रश्न आला.) 2016 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 3 वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा 3 तासांहून जास्त भूल देण्याबाबत इशारा दिला, हे खरं. पण तान्हेपणी हर्नियासाठी एकदाच, तासाभराच्या आत भूल मिळालेल्या मुलांची बुद्धी पाचव्या वर्षी इतरांइतकीच आढळली. त्या अभ्यासाचे हे निष्कर्ष 2019 चे. या भीतीने हृदयाचं काम पुढे ढकलू नका.

(उपाशी ठेवण्याबद्दल विचारलंत.) आपल्याकडे आजी आदल्या रात्रीपासून पाणीही बंद करते. निळ्या बाळाचं रक्त आधीच दाट. पाणी तुटलं तर गुठळी होऊ शकते. साधारणपणे आईचं दूध 4 तास, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. नेमकी वेळ भूलतज्ज्ञाकडून लिहून घ्यायला सांगा.

आणि एक कळकळीची विनंती. तारीख हुकेल म्हणून आईवडील बाळाची सर्दी लपवतात. भुलीत अशा बाळाचा श्वास अडू शकतो. फोनवर तेवढं आवर्जून विचारा, आणि डॉक्टरांना सांगायला लावा.