रोमचा इतिहास आणि जवळचे शब्द



थिओडोर मॉमसेन यांनी रोमचा इतिहास लिहावयास घेतला तो पंडितांसाठी नव्हे. लाइपझिग येथील त्यांच्या एका जाहीर व्याख्यानाने प्रकाशक प्रभावित झाले आणि सर्वसामान्य सुशिक्षित वाचकासाठी ग्रंथ लिहावा, अशी विनंती त्यांनी मॉमसेन यांना केली. राजकीय चळवळीतील सहभागामुळे १८५१ मध्ये त्यांची तेथील प्राध्यापकी गेली. ग्रंथाचे तीन खंड मात्र १८५४ ते १८५६ या काळात प्रसिद्ध झाले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेही वाङ्मयाचे, आणि या ग्रंथाचा विशेष उल्लेख करून.

लॅटिन कोरीव लेखांच्या महासंग्रहाची धुरा वाहणारा, एकेका अक्षराची शहानिशा केल्यावाचून पुढे न जाणारा हा विद्वान. पण या ग्रंथात त्याने तळटीपांना जवळजवळ थाराच दिला नाही. प्राचीनांना चौथऱ्यावरून खाली उतरवून हाडामांसाच्या माणसांत आणावे, ही त्यांची प्रतिज्ञा होती. त्यासाठी स्वकाळातील शब्द त्यांनी निःशंकपणे योजले. रोमच्या कॉन्सलला जर्मन नगराध्यक्षाचे नाव देणे त्यांना गैर वाटले नाही.

या जवळिकीचे मोलही मोजावे लागले. तिसरा खंड इ. स. पूर्व ४६ मधील थॅप्ससच्या लढाईपर्यंत येऊन थांबतो. त्यात सीझरचा गौरव मुक्तकंठाने केलेला आहे, आणि सिसेरोला दिलेली वागणूक अन्यायाची म्हणावी इतकी कठोर आहे. फ्रान्समध्ये तिसरा नेपोलियन १८५२ मध्येच सम्राट झाला होता. अशा वेळी सीझरची स्तुती म्हणजे एकाधिकारशाहीची भलामण, असा अर्थ वाचकाने काढला तर नवल कसले? १८४८ च्या उदारमतवादी उठावाची बाजू घेणाऱ्या मॉमसेन यांना पुढील आवृत्तीत खुलासा जोडावा लागला, की सीझरची थोरवी सांगणे म्हणजे सीझरशाहीचा पुरस्कार करणे नव्हे. अर्थात, शब्द वर्तमानातले घेतले की वाचक वर्तमानच वाचतो.

मराठी भाषांतरकारापुढे हीच अडचण अधिक बिकट रूपाने उभी राहते. पॅट्रिशियन व प्लेबियन या रोममधील दोन वर्गांसाठी ‘ब्राह्मण’ आणि ‘शूद्र’ हे शब्द सहज ओठांवर येतात. दोन्हीकडे जन्माला महत्त्व, दोन्हीकडे धर्मकृत्यांवर मक्तेदारी. साम्य मोहात पाडणारेच आहे. पण तो शब्द एकदा पडला की पुढची सारी प्रकरणे वाचक जातिव्यवस्थेच्या चष्म्यातून पाहू लागतो. इ. स. पूर्व ४४५ मध्ये या दोन वर्गांतील विवाह कायद्याने संमत झाले, इ. स. पूर्व ३६७ मध्ये प्लेबियनांना कॉन्सलपद खुले झाले, आणि पुढे धनाढ्य प्लेबियन घराणी रोमच्या सत्ताधारी अमीरवर्गात बसली. ‘शूद्र’ या शब्दाला हे ओझे पेलत नाही. शिवाय आपल्याकडील जातिव्यवस्थाही कायद्याच्या दोन कलमांनी सुटण्यासारखी होती, असा भलताच समज होतो. शब्दाची ही चूक दोन्ही इतिहासांना बाधते.

सीनेटचे तितके कठीण नाही. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा धागा वार्धक्याशी जुळतो; तेव्हा ‘ज्येष्ठसभा’ चालेल, ‘संसद’ मात्र चालणार नाही, कारण तिचे सभासद जनतेने निवडून दिलेले नसत.

कॉन्सल या शब्दाने मराठी वाचकाला आज परदेशी वकिलातीतील अधिकारी आठवतो. रोमचे कॉन्सल दोन असत, मुदत एका वर्षाची असे, सैन्याचे आधिपत्य त्यांच्याकडे असे आणि एकाचा निर्णय दुसरा रोखू शके. नगराध्यक्ष, राष्ट्राध्यक्ष, सेनापती यांपैकी एकाही नावात हे सारे मावत नाही. म्हणून सामान्य वाचकासाठीच्या पुस्तकातही हा शब्द मूळचाच ठेवणे बरे. तो प्रथम येईल तेथे दोन वाक्ये खर्ची घालून, तळटीपेत न ढकलता, ओघातच त्याचा अर्थ सांगावा.