घराचा करार आणि गावाकडची पेटी
(औंध येथे दिलेले व्याख्यान)



औंधला येऊन मुंबईच्या घरांविषयी का बोलावे, असे तुम्हांस वाटेल. परंतु येथील कित्येक कुटुंबांचा कर्ता मुंबईस राबतो, आणि त्याच्या खोलीचे भवितव्य आज कागदावर ठरत आहे.

शहराची पुनर्रचना ही नवी गोष्ट नव्हे. 1896 च्या प्लेगनंतर 1898 साली मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या व चाळी उभारल्या. परळच्या अशाच चाळीत बाबासाहेब अनेक वर्षे राहिले. आज रीत बदलली आहे. जमीन बहुधा सरकारची, पैसा खाजगी विकासकाचा, आणि मोबदला म्हणून त्यास जादा बांधकाम विकण्याची मुभा. धारावीच्या कंपनीत तर 80 टक्के भाग अदानी समूहाचा व 20 टक्के शासनाचा आहे.

पुनर्विकास वाईटच असतो, असे माझे म्हणणे नाही. वरळीच्या बीडीडी चाळींतील 556 कुटुंबांस ऑगस्ट 2025 मध्ये 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी 500 चौरस फुटांची घरे मिळाली. तेथे काम म्हाडाच्या हाती होते. प्रश्न इतकाच की, भागीदार दोन असले तरी घर सोडणारा तिसराच असतो. करारात त्याचे स्थान कोणते?

माझ्याकडे एक विधवा माता आली. तिने अंगठा दिलेल्या कागदावर 'भाडे दिले जाईल' एवढेच होते. किती व कोठवर, हे नव्हते. वर्षभरात भाडे थांबले, बांधकामही थांबले. तिचा अंगठा न्यायालयात तिच्याच विरुद्ध साक्ष देत होता.

म्हणून चार गोष्टी ध्यानात धरा. झोपडपट्टी योजनेत मोफत घरासाठी झोपडी 1 जानेवारी 2000 पूर्वीची असल्याचे सिद्ध करावे लागते. मतदारयादीचा उतारा, विजेचे जुने देयक गावाकडच्या पेटीत असेल, ते आजच शोधा. पर्यायी भाड्याची रक्कम व मुदत करारात लिहून घ्या. त्या योजनेत घर पतिपत्नीच्या संयुक्त नावे होते. पत्नीचे नाव गाळू देऊ नका. आणि कोरा कागद कोणाही पुढाऱ्यास देऊ नका. ठराव सभेतच वाचून घ्या.

याच औंध संस्थानात 1939 साली भवानराव पंतप्रतिनिधींनी आपली सत्ता गावांच्या हाती सोपविली. राजाने सोडलेली सत्ता लोकांनी चालविली. तुम्ही मात्र सभेतील आपले मत विकासकाच्या हाती सोडू नका. ते एकदा सुटले की घरही सुटते.

जयभीम.