नावावर उघडणारं कुलूप

मोठ्या कचेऱ्यांत हल्ली प्रत्येक कामाला वेगळा संगणक ठेवत नाहीत. एकच दणकट सर्व्हर घेतात आणि त्याच्या पोटात दहा-वीस आभासी संगणक चालवतात. एकात पगारपत्रक, एकात टपाल, एकात ग्राहकांच्या नोंदी. वाडा एक, बिऱ्हाडं अनेक. बिऱ्हाडकरूंना एकमेकांच्या खोलीत डोकावता येत नाही. पण वाड्याच्या मालकाकडे सगळ्या किल्ल्या असतात. हा मालक म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटर.

व्हीएमवेअरची ईएसएक्सआय ही असे वाडे चालवणारी प्रणाली जगभर वापरली जाते. तिचं एक प्रकरण मायक्रोसॉफ्टने जुलै २०२४ मध्ये उघड केलं. शब्दांत रमणाऱ्या माझ्यासारख्याला ते विसरता येत नाही.

प्रत्येक यंत्रावर वेगळी खाती उघडण्यापेक्षा कंपन्या सर्व कर्मचाऱ्यांची एक मध्यवर्ती नोंदवही ठेवतात. मायक्रोसॉफ्टच्या अशा नोंदवहीचं नाव ॲक्टिव्ह डिरेक्टरी. ईएसएक्सआय तिला जोडलं, की एक नियम आपोआप लागू व्हायचा: नोंदवहीत 'ईएसएक्स ॲडमिन्स' नावाचा गट असेल, तर त्यातला प्रत्येक जण वाड्याचा मालक. गंमत अशी, की हा गट नोंदवहीत मुळात नसतोच. कुणीतरी तो काढावा लागतो. तो कुणी काढला, हे यंत्र विचारत नसे. प्रत्येक गटाला स्वतंत्र ओळखक्रमांक असतो, तोही पाहत नसे. पाही ते फक्त नाव.

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं आपण म्हणतो. इथे नाव सोनूबाई ठेवलं आणि हातात खरंच सोनं आलं!

खंडणीखोर टोळ्यांनी हे हेरलं. आधी कंपनीच्या जाळ्यात शिरून गट काढण्यापुरता अधिकार मिळवायचा, त्या नावाचा गट काढायचा, त्यात आपलं खातं घालायचं. असलेल्याच एखाद्या गटाचं नाव बदललं तरी भागायचं. मग सर्व्हरवरच्या फाइली कूटबद्ध करून पैसे मागायचे. उत्तर अमेरिकेतल्या एका अभियांत्रिकी कंपनीत असंच झालं आणि तिथले आभासी संगणक ठप्प झाले. एकेक बिऱ्हाड फोडण्याची गरजच उरली नाही.

२०२४ मध्येच ८.० अपडेट ३ या आवृत्तीत दुरुस्ती आली. सातव्या आवृत्तीसाठी मात्र ती दिली गेली नाही. तिथे सेटिंग हातानं बदलणं आलं.

पण दुरुस्तीनं सगळं भागत नाही. या सर्व्हरवर 'रूट' नावाचं सर्वाधिकारी खातं असतं. पुष्कळ ठिकाणी त्याचा पासवर्ड चौघापाचांत फिरतो, का, तर सोय! मग रात्री दोन वाजता यंत्र कुणी बंद केलं, याचं नोंदीत एकच उत्तर मिळतं: रूट. खरं तर प्रत्येकाला स्वतःचं खातं हवं. नुसतं पाहायचं असेल त्याला पाहण्यापुरती परवानगी पुरते. तशी भूमिका प्रणालीत तयारच असते. नोकरी सोडून गेलेल्याचं खातं त्याच दिवशी बंद व्हायला हवं. निरोपसमारंभाचा हार आपण विसरत नाही, खातं मात्र विसरतो.

तुमच्या कचेरीत असा सर्व्हर असेल, तर तो सांभाळणाऱ्याला उद्या चहाच्या वेळी विचारा: रूटचा पासवर्ड किती जणांना ठाऊक आहे? आणि नोंदवहीत नवा गट कोण कोण काढू शकतं?